बुलेटभाई

पेडणे तालुक्यात ज्या घरासमोर रांगोळीच्या जागी काळ्या ऑईलचा डाग दिसेल, ते घर बुलेटभाईंचं समजावं. डाग रोज पुसला जातो, रोज उमटतो. वहिनींनी आधी गोणपाट घातलं, मग पत्र्याचा ट्रे ठेवला, शेवटी तुळसच हलवली. भाईंचं म्हणणं एकच : "ऑईल गळतं, म्हणजे आत ऑईल आहे."

हे भाई कोणी एक नव्हेत. कोरगावात आहेत, पार्शात आहेत, मांद्र्यात तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं नाही. वय साठीपुढचं, पोट टाकीला टेकलेलं, आणि नडगीवर किक उलटी बसल्याची खूण, जी सोयरिकीत पत्रिका दाखवावी तशी पाहुण्याला दाखवली जाते. गाडीचा नंबर 'जीडी'नं सुरू होणारा, गोवा-दमण-दीव एकत्र होते तेव्हाचा. गोव्याला घटक राज्याचा दर्जा १९८७ साली मिळाला. "राज्य मागनं आलं, गाडी आधी आली," हे भाई अशा सुरात सांगतात की राज्य गाडीच्या मागच्या सीटवर बसून आलं असावं.

पेडण्यातली बुलेट बहुधा हरमलच्या एखाद्या गोऱ्यानं परतीच्या तिकिटापायी विकलेली असते. तो गोरा सुरुवातीला जर्मन होता. गेल्या दोन वर्षांत इंग्रज झालाय, कारण एन्फिल्ड मुळात विलायतेची हे भाईंनी कुठं तरी वाचलं. मद्रासला कंपनी निघाली १९५५ साली. पुढं मूळ विलायती कंपनी बुडाली, मद्रासची चालूच राहिली. "साहेब गेला, गाडी राहिली" हे सांगताना भाईंचा आवाज भरून येतो. आपण जिंकल्याच्या आनंदानं की साहेब गेल्याच्या दुःखानं, हे वहिनींनाही अजून कळलेलं नाही.

डिचोलीचे भाई वेगळे. त्यांची बुलेट खाणीवरची. शिरगाव, पाळी, वेळगे अशा फेऱ्या मारून टाकी, सीट, भुवया, सगळं एकाच लाल रंगाचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि पहिल्याच पावसात गाडीचा मूळ रंग हिरवा असल्याचं उघडकीस आलं. त्या धक्क्यातून ते सावरलेले नाहीत. लोक रोजगारासाठी खाणी मागतात, हे रंगासाठी.

पण दोन्ही तालुक्यांचे भाई किकपाशी एक होतात. हेडलाईटवरच्या ॲमीटरचा काटा बघत किक हळू दाबायची. काटा मध्यावर आला की डी-कॉम्पचा खटका ओढायचा, किक बोटभर पुढं न्यायची, सोडायची, परत वर आणायची आणि मग सगळं वजन टाकायचं. हे सगळं सांगून झाल्यावर गाडी सुरू होत नाही. "पळय, काटो पळय!" असं मला ओरडून सांगितलं जातं, जणू काटा मीच हलवला. वागातोरला नोव्हेंबरात बुलेटवाल्यांचा मेळावा भरतो, तिथं भाई एकदा जाऊन आले. गियर डावीकडे गेलेल्या नव्या गाड्या पाहून म्हणाले, "बटणावर सुरू होतो तो मिक्सर."

आता मुख्य गोष्ट, म्हणजे प्रवास. १९८४ साली आमचे भाई आंबोलीमार्गे कोल्हापूरला गेले होते. इन्सुलीच्या नाक्यावर पिशवी तपासायला आलेल्या शिपायानं गाडीचा आवाज ऐकून सॅल्यूट ठोकला; बुलेटवर तेव्हा फौजदार नाही तर फौजीच बसायचा. पिशवीत काय होतं, ते वहिनी आत गेल्यावर सांगतात. ही हकिकत मी दर चतुर्थीला ऐकतो. सुरुवातीची काही वर्षं गाडी कोल्हापुरातच थांबायची. नंतर ती कराडला गेली, मग साताऱ्याला. गेल्या चतुर्थीत नेवऱ्या खाता खाता खंबाटकी चढली. किलोमीटरचा काटा कधीचा तुटलेला, तेव्हा साक्षीदार कोणी नाही. गाडी स्वतः मात्र हल्ली बाजारापलीकडे जात नाही.

यंदा मला पेडणे स्टेशनवरून गाडी पकडायची होती. मी पायलटला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला, फोन करणार, एवढ्यात भाई कडाडले, "पायलट कशाला? मी सोडतो!" पेट्रोलचा कॉक उघडला, काटा मध्यावर आणला, किक मारली. मग शर्ट काढला. मग प्लग काढून वहिनींच्या पदराला पुसला, त्याबद्दल वेगळं ऐकून घेतलं. पंचवीस मिनिटं झाली. वहिनींनी स्वयंपाकघरातून गुपचूप फोन लावला असावा, कारण गेटपाशी पिवळ्या मडगार्डचा पायलट येऊन उभा राहिला आणि वहिनींनी माझी बॅग त्याच्या टाकीवर नेऊन ठेवली. भाई इंजिनावर ओणवे होते. मी पाय न वाजवता निघालो.

वळणावर पोचतो तोच मागून आवाज आला. डग, डग, डग. पायलटनं आपणहून गाडी कडेला घेतली. भाई उघड्या अंगानं, छाती काढून, आमच्या शेजारून पुढं गेले. मान थोडी मागं वळवलेली होती आणि ते मागच्या रिकाम्या सीटला मोठ्यानं सांगत होते, "...आणि खंबाटकी उतरलो, तेव्हा पुण्याचे दिवे..."