बेअरिंग गेलंय

पार्किंगमध्ये तुम्ही पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसलात, की पाठीमागे हवाई चपला येऊन उभ्या राहतात. "काका, ब्रेक मारला की जरा..." एवढं तुम्ही म्हणेपर्यंत काकांचा तळहात बॉनेटवर टेकलेला असतो. वैद्यानं नाडी धरावी तसे डोळे मिटतात, आणि तुमचं वाक्य पुरं होण्याआधी निकाल लागतो : "बेअरिंग गेलंय."

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये बत्तीस वर्षं काढून ते आमच्या सोसायटीच्या वाट्याला आले. माझ्या गाडीच्या चाकातून खर्रर्र यायला लागलं तेव्हा निकाल अर्थातच बेअरिंग. गॅरेजवाल्यानं चाक उतरवलं आणि ब्रेकची डिस्क नि तिच्यामागचा पत्रा यांच्यामधून हरभऱ्याएवढा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. पैसेही घेतले नाहीत. मी तो खडा पुरावा म्हणून काकांपुढे धरला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. "हा आत शिरला कसा? बेअरिंग ढिलं असणार."

वहिनींच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक किंचाळायचा. ड्रममध्ये लायनरची धूळ साचली होती. निकाल : बेअरिंग. डॉक्टरांच्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कट कट कट कट. हे एक्सलच्या जॉइंटचं दुखणं आहे, हे वॉचमनलाही माहीत. निकाल : बेअरिंग. लिफ्ट, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळ्यांचं एकच. वार्षिक सभेत चेअरमन तासभर एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिले, तेव्हा मागच्या खुर्चीवरून काका जे पुटपुटले ते इतिवृत्तात आलं नाही, पण त्या एका निदानावर सभेचं एकमत होतं.

घड्याळ बंद पडलं तरी दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. पावसाळ्यानंतर माझी गाडी चाळीसच्या पुढे घूंऽऽ करायला लागली. काका शेजारी बसले, पाय फूटबोर्डवर गच्च. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी मला गाडी डावी-उजवी झुलवायला लावली. डावीकडे घेतली की घूं वाढे, उजवीकडे घेतली की विरे. "डावीकडे वळलास की वजन उजव्या चाकावर येतं. उजवं गेलंय." घरी येऊन जॅक लावला. काकांनी एका हातानं स्प्रिंग धरली, दुसऱ्यानं चाक फिरवलं. "धर." मी धरली. जात्यात भरड दळावं तशी खरखर तळहाताखाली आली. गॅरेजमध्ये निघालं ते उजवंच बेअरिंग.

"काय कान आहे हो तुमचा!" मी प्रथमच मनापासून म्हणालो.

"कान?" काका हात पुसत म्हणाले, "बारीक आवाज कधीच गेले. आमच्या वेळी कानात बोळे घालणाऱ्याला आम्ही हसायचो. आता कुकरची शिट्टी कळत नाही, नात फोनवर काय बोलते ते कळत नाही. बेअरिंगचं मात्र हाताला लागतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लायनरचं किंचाळणं, जॉइंटची कटकट या माणसापर्यंत कधी पोचलीच नव्हती. आम्ही आवाजाचं वर्णन करत होतो आणि ते आमच्या ओठांकडे पाहून मान हलवत होते. जगातल्या एवढ्या बिघाडांपैकी एकच त्यांच्याशी अजून बोलत होता, आणि ते इमानानं त्याचंच नाव घेत होते.

तरीही माणूस वैतागवाणा आहे. रविवारी सकाळी सातला बेल वाजवून "नवीन बेअरिंग कसं आहे?" विचारतो.

गेल्या आठवड्यात ब्रेक चिर्रर्र करायला लागले. पॅड झिजले की डिस्कला घासून ओरडावी म्हणून त्यांवर एक पत्र्याची पट्टी मुद्दाम ठेवलेली असते, ती ओरडत होती. मी पॅड बदलून आणले. जिन्यात काकांनी गाठलं.

"काय निघालं?"

मी त्यांच्याकडे तोंड करून, एकेक अक्षर सुटं करत म्हणालो, "बेअरिंग."