थर्-मो-मे-कॅ-नि-कल साहेब

जालना एमआयडीसीत सळईचा कारखाना म्हटला की भट्टी आली, भंगाराचा डोंगर आला आणि लॅबमध्ये एक केमिस्ट साहेब आले. भंगार वितळवणं भट्टीचं काम, लांब इंग्रजी शब्द फोडणं साहेबांचं.

टीएमटीचा लाँगफॉर्म काय, असं त्यांना चुकूनही विचारू नये. खडू निघतो. "थर्-मो-मे-कॅ-नि-कल. तुकडे सहा. जोर कशावर? कॅवर!" मग खोदकाम. थर्मो म्हणजे उष्ण, मूळ ग्रीक. संस्कृतातला 'घर्म' त्याचाच भाऊबंद, आणि घर्माचाच आपला घाम. हे ऐकत उभ्या असलेल्या रोलिंगवाल्याच्या बनियनमधून तेव्हा अस्सल ग्रीक ठिबकत असतं. 'इक' लावल्यावर विशेषण झालंच होतं, मग वर 'अल' कशाला? साहेबांचं मत असं, की इंग्रजांनाही भंगार टाकवत नाही.

एरवी माणूस कामाला पक्का. लालबुंद सळई पाण्याच्या नळ्यांतून सुसाट काढली की वरची साल कडक होते, गाभा गरमच राहतो आणि तीच उष्णता सालीचा ठिसूळपणा घालवते, हे ते एका दमात सांगतात. शब्दाला मात्र अर्धी शिफ्ट लागते.

एकदा भट्टीवरून सॅम्पल आलं. घासून मशीनवर ठेवलं, ठिणगी उडाली, पडद्यावर आकडे आले. ५००डी ग्रेडचा माल, म्हणजे कार्बन ०.२५ टक्क्यांच्या आत हवा. तेवढ्यात शिकाऊ पोरगा 'स्पेट्रोमीटर' म्हणाला आणि साहेब तिथंच थांबले. "स्पेक्! क कुठं गेला?" खाली हीट तयार, विजेचं मीटर पळतंय, मेल्टर फोनवर ओरडतोय, "साहेब, कार्बन किती?"

"दोन," साहेब म्हणाले. "कार्-बन."

खाली सगळ्यांना घाम फुटला. ग्रीकच.

ही जात फक्त पोलादात आढळते असं नाही. १९६४ साली महिको निघाली तेव्हापासून जालन्याचा दुसरा धंदा बियाण्याचा. त्यामुळे 'साय-टो-प्लॅझ-मिक' फोडणारेही गावात भेटतात. दोघे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, तर वाढपी जिलबी घेऊन तीनदा परत जातो.

साहेबांची शिकवणी कारखान्यात कुणालाच लागू पडली नाही, असं वाटत होतं. मालक टीएमटी म्हणतात, ट्रकवाले सरिया, गावाकडची गिऱ्हाईकं गज. पण परवा यार्डात एका ट्रकवाल्यानं गाडी नेमकी मॅग्नेटखाली आडवी घातली. क्रेनवाला केबिनमधून अर्धा बाहेर आला आणि कडाडला, "हटव ती, नाहीतर तुझं थर्मोमेकॅनिकल करून टाकीन!"

ट्रकवाला रिव्हर्स घेऊन पार गेटपर्यंत गेला. साहेब लॅबच्या दारात उभे होते. जोर बरोब्बर कॅवर पडला होता. त्यांनी क्रेनवाल्याला खाली बोलावून स्वतःच्या पैशानं चहा पाजला, आणि 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक' शिकवायला घेतलं.