कळंबोली दर्शन

पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की मुंबईकर लोणावळ्याला निघतो आणि कळंबोलीला पोहोचतो. पर्यटन खात्याने या स्थळाची दखल अजून घेतलेली नाही, ही खेदाची बाब आहे. वास्तविक ऑक्टोबर २०२४ पासून वाशी टोलनाक्यावर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, म्हणजे प्रवेशशुल्कही नाही!

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो, असे नकाशा सांगतो. सुट्टीत मात्र इथे बरेच काही संपते : मोबाइलची बॅटरी, घाटासाठी राखून ठेवलेले थेपले, आणि कधी कधी बोलणेही. एक काका गाडीतून उतरून दुभाजकावर पेपर अंथरून उकडलेल्या शेंगा सोलत बसलेले असतात. गाडी हातभर सरकली की मुलगा हॉर्न देतो. काका पेपर उचलतात, दोन पावले चालतात आणि पुन्हा बसतात. अशी निवांत सहल घाटात कुठली व्हायला?

तेव्हा कळंबोलीला तातडीने 'ब' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा द्यावा. टायगर पॉइंटच्या धर्तीवर लोखंड बाजाराजवळ 'ट्रेलर पॉइंट' उभारावा. लोणावळ्याची चिक्कीही इथेच विकावी, म्हणजे मंगळवारी ऑफिसात पंचाईत नको. उद्घाटन अर्थातच मंत्रिमहोदयांच्या हस्ते व्हावे. ते हेलिकॉप्टरने येतील. त्यांना त्याच दिवशी लोणावळ्याला पोहोचायचे असेल.