नावाच्या जागी आडनाव

मुलीचं नाव ठरवताना आमच्याकडे राशीचं अक्षर, पणजीचं नाव, मालिकेतली नायिका असा सगळ्यांचा विचार होतो. आडनावाचा मात्र कुणी करत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. शार्लट ब्राँटीच्या १८४९ सालच्या ‘शर्ली’ कादंबरीतल्या आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी. मग मुलासाठी राखून ठेवलेलं घराण्याचं नाव त्यांनी तिलाच देऊन टाकलं. पुढं ते मुलींचंच नाव झालं. टेलर स्विफ्टचं नावही जेम्स टेलर या गायकाच्या आडनावावरून ठेवलेलं. तिची गाणी ऐकत आमच्या पोरी कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्कूटी मारतात. पण उद्या बारशाला कुणी ‘घोरपडे’ असं नाव ठेवलं, तर पाळण्याभोवतीच्या बायका घुगऱ्या खायच्या विसरतील.

खरं तर कोल्हापुरात आडनावांना तोटा नाही. घाटगे, मोहिते, इंगवले, सरनोबत. उच्चारतानाच छाती पुढं येते. पोरीच्या जातीला पुरुषी वाटेल, असं कुणी म्हणेलही. पण ज्या गावात पोरी ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असं ठणकावून सांगत मोठ्या होतात, तिथं हे कोण ऐकणार?

मेख लग्नात आहे. सून उंबऱ्याच्या आत आली की माहेरचं आडनाव गेलंच. पूर्वी तर तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून पहिलंही बदलायचे. हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात घोड्यावर बसलेली आहे. चौकाला नाव तिचंच. पण ती मोहित्यांची, हे ठाऊक असणारे रिक्षावाले थोडे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं, हे फार चांगलं झालं. तरी तिचं माहेरचं आडनाव बाहेरच राहिलं. ते लेकीला नाव म्हणून द्यावं, असं माझं मत. इंग्रजांतही आईचं आडनाव असंच पुष्कळदा मुलांच्या नावात शिरलं.

अडचणी आहेत. नाव कानात सांगायचं आत्यानं. म्हणजे जिनं स्वतःचं आडनाव मांडवात सोडलं, तिनंच भावजयीचं आडनाव पाळण्यात ‘कुर्रर्र’ करून सांगायचं! तेव्हा तिच्या मनात काय आलं, हे कुणी न विचारलेलं बरं. शिवाय पाटलांची लेक पाटलांच्याच घरी दिली असेल, तर जन्मदाखला ‘पाटील’पासून ‘पाटील’पर्यंत. खिडकीतला कारकून म्हणणार, “ताई, आडनाव दोनदा पडलंय, एक खोडा.”

फायदा मात्र या सगळ्याला पुरून उरणारा आहे. नावानं हाक मारली की मागून ‘अगं’ येतं, आडनावानं मारली की ‘अहो’. ऑफिसात ‘जाधव आल्या का?’ असंच विचारतात. मग खडूनं भिंत रंगवणाऱ्या तीन वर्षांच्या पोरीलाही म्हणावं लागेल, “मोहिते, पुरे करा आता, भिंत संपली.” लेकीशी आदरानं बोलायला ती नोकरीला लागेपर्यंत थांबायचं तरी कशाला?