अर्ध्या दिवसाची वारी

वारी हा महाराष्ट्रातला सर्वांत गैरसोयीचा प्रवास आहे, हे आता कोणीतरी स्पष्ट बोलायला हवे. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. मोटारीने सकाळी निघालेला माणूस वाटेत दोनदा चहा पिऊनही दुपारच्या जेवणाला चंद्रभागेकाठी असतो. असे असताना लाखो माणसे ज्येष्ठ वद्यात घर सोडतात आणि एवढ्या अंतराला जवळजवळ तीन आठवडे लावतात. सासवडला मुक्काम, जेजुरीला मुक्काम, वाल्ह्याला मुक्काम. लोणंदला तर कधी एक, कधी दोन. कारण काय, तर तिथी तशी पडली. रजेचा अर्ज नाही, पर्यायी माणसाची सोय नाही. पेरणी उरकली की पोराला सांगायचे, ‘बैलाकडं बघ रं’, आणि पिशवी उचलायची. अशाने देशाचे उत्पादन कसे वाढणार?

पुण्याने यावर तोडगा काढला आहे. पालख्या पुण्यात दोन दिवस थांबतात. माउली भवानी पेठेत, तुकोबा नाना पेठेत. त्यानंतर माउलींची पालखी हडपसरमार्गे दिवे घाट चढून सासवडला जाते. हा टप्पा शहराला जवळ, दिसायला देखणा आणि शनिवार-रविवार साधला तर उत्तमच. म्हणून वारीतले दिवे घाटाचे चार-पाच किलोमीटर तेवढे उचलायचे आणि बाकीचे ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सोडायचे, असा शहाणपणाचा विचार इथल्या नोकरदार वर्गाने केला.

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप गट ज्येष्ठ लागला की जागा होतो. एरवी तिथे पाण्याच्या टँकरवरून एकमेकांना ‘अहो, तुम्ही जरा शिकलेले दिसता’ इथपर्यंत बोललेली माणसे अचानक एकमेकांना ‘माउली’ म्हणू लागतात. ‘माउली, तुमची गाडी माझ्या जागेत आहे.’ ‘काढतो, माउली, रामकृष्ण हरी.’ गाडी काही निघत नाही, पण वातावरण निर्माण होते. मग सेक्रेटरींचा संदेश येतो: पहाटे पाचला फाटकाशी जमणे, पोशाख पांढरा, टोपी सोसायटीतर्फे, परतीची बस घाटमाथ्यावर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी थेट घाटमाथ्यावर यावे, तिथे गटाचा फोटो आहे.

कंपन्यांचे याहून व्यवस्थित असते. त्यांच्या टी-शर्टवर पुढे विठ्ठल असतो आणि मागे कंपनीचे बोधचिन्ह. दिंडीत माणूस पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतो, त्यामुळे दिवसभर नजरेसमोर नेमके काय राहते याचा विचार जाहिरात विभागाने केलेलाच असतो. राजकारण्यांना हे फार आधी कळले होते. ते वारकऱ्यांना रेनकोट वाटतात. रेनकोटवर साहेबांचा हसरा फोटो असतो. पाऊस आला की इच्छुक उमेदवार वारकऱ्याच्या पाठीवर बसून पंढरपूरला निघतो. नातेपुत्यापर्यंत त्याच्या मिशा पुसट होतात आणि वेळापूरला तो तुळशीच्या कुंडीखाली अंथरलेला असतो. निवडणुकीचे वर्ष असेल तर एका आजीकडे तीन पक्षांचे तीन रेनकोट जमतात. ती ते एकत्र शिवून पाल करते आणि खाली निवांत झोपते. हा महाराष्ट्रातला एकमेव टिकाऊ आघाडी प्रयोग म्हणावा लागेल.

पालखी पुणे सोडते तो दिवस बहुतेक वर्षी एकादशीचा येतो. अर्धदिवसीय वारकऱ्याच्या मनगटावरचे घड्याळ त्याने किती उष्मांक जाळले ते सांगत असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र पुणेकरांचे दातृत्व टेबले मांडून उभे असते. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, शेंगदाण्याच्या चिक्क्या, चहा, पुन्हा केळी. नको म्हणणाऱ्याच्या हातात कोंबतात, कारण वाटणाऱ्यालाही फोटो हवा असतो. आमचे एक स्नेही गेल्या खेपेला हडपसर ते घाटमाथा चालून दीड किलोने वाढले. त्यांनी त्याला ‘प्रसादाचे वजन’ म्हटले.

घाटात खरी कामे सुरू होतात. माउलींच्या रथाला चढासाठी जादा बैलजोड्या जुंपतात, ते दृश्य आकाशातून टिपायला ड्रोन घुमत असतात, आणि खाली मोबाइलधारक जनता रस्ता अडवून ‘जरा सरका, मागे विठ्ठलाची पताका यायला हवी’ म्हणत असते. तुळस विकत आणून डोक्यावर वाहायची तर मान दुखते. त्यामुळे ती मागून घेतात. हा संवाद आम्ही ऐकलेला आहे.

‘आजी, जरा तुळस देता का? रीलपुरती.’

‘घे की माउली. पर झालं की लगीच दे. न्हाईतर तू ऱ्हाशील फटूत आन् मी पोचंन बिनतुळशीची.’

तिने वर त्या तरुणाची टोपी सरळ करून दिली आणि ‘असं हासायचं न्हाई, दमल्यावानी कर’ असे दिग्दर्शनही केले. तिच्यासारख्या अनुभवी माणसाला थकवा कसा दिसतो ते माहीत असणारच. ‘तुम्ही दमत नाही का?’ असे त्या तरुणाने विचारले तेव्हा म्हणाली, ‘इथं नुसतं चालायलाच लावत्यात. घरी चालून वर सैपाक पन करावा लागतो.’ या वाक्यावर कुणी रील केले नाही. तेव्हा कॅमेरा घाटाकडे होता.

लेखकांचेही यात मागे राहणे शक्य नाही. दि. बा. मोकाशी पायी चालले आणि मग त्यांनी ‘पालखी’ लिहिले. आता आधी लेख ठरतो, त्याचे शब्द ठरतात, आणि वेळ उरलाच तर एखादा टप्पा चालतात. इरावती कर्वे चालल्या त्याही अडचणीच्याच. त्यांनी बरोबरच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालतात, एकत्र गातात आणि जेवायला मात्र वेगळे बसतात, हे बघून लिहून ठेवले. असल्या नोंदी हल्लीच्या वारीलेखात बसत नाहीत. ‘इथे सगळे भेद गळून पडतात’ हे वाक्य आधीच छापून तयार असते, त्याखाली फक्त यंदाची तारीख घालायची.

पण आमची मुख्य तक्रार व्यवस्थापनाबद्दल आहे. वारीतून नेतृत्वगुण शिकवणारे तज्ज्ञ हल्ली हॉटेलच्या वातानुकूलित दालनात व्याख्याने देतात. त्यांचे म्हणणे असे की इतकी लाखो माणसे कुणी हुकूम न देता शिस्तीत चालतात. आम्ही चौकशी केली तर फारच धक्कादायक प्रकार निघाला. माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. हे गृहस्थ आधी शिंद्यांच्या पदरी, म्हणजे लष्करी रिवाज ठाऊक असलेले. त्यांनी दिंड्यांना क्रमांक लावले. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि आपली जागा कुणी सोडायची नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येतात. हे सगळे ठरून गेले, ते गेले. त्यानंतर एकही पुनर्रचना समिती नाही. पुढे कुणाला ‘मुख्य परिवर्तन अधिकारी’ नेमल्याचे ऐकिवात नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे यांची तक्रार निवारण पद्धत. मुक्कामावर संध्याकाळी समाजआरती असते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप वर करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, काय ते विचारतात, तिथल्या तिथे निवाडा होतो. मग त्या दिंडीचाही टाळ थांबतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. त्यानंतर आरती आणि झोप.

आता सांगा, याला यंत्रणा म्हणतात? टोकन क्रमांक नाही. ‘तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असे कुणी बाई गोड आवाजात सांगत नाही. प्रत सोबत जोडलेली नाही, साक्षांकित तर नाहीच. तक्रार त्याच रात्री मिटली तर वरच्या कार्यालयाने करायचे काय? आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या गळतीची तक्रार नोंदवहीत तीन सेक्रेटरींच्या कारकिर्दी पाहून आजही टवटवीत आहे. आम्ही एकदा सर्वसाधारण सभेत चमच्याने ताटली वाजवत राहण्याचा प्रयोग केला. समोर बसलेल्यांना वाटले जेवण लागले. ते उठून गेले.

रस्त्याच्या बाबतीत मात्र शासनाने वारकऱ्यांच्या मागासलेपणावर उपाय केला आहे. २०२१च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसवली. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग हा आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ आहे. दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाटही योजली आहे. पूर्वी अरुंद रस्ता होता, वर झाडे होती. वारकरी पाठ टेकायला बुंध्याशी बसत आणि वेळ घालवत. रुंदीकरणात त्यातली पुष्कळ झाडे गेली, त्यामुळे आता थांबण्याचे प्रलोभन उरलेले नाही. अनवाणी चालणाऱ्याला तापलेले काँक्रीट पाऊल फार वेळ टेकू देत नाही, त्यामुळे वेगही वाढतो. नवी झाडे लावणार आहेतच. ती मोठी होईपर्यंत ज्यांना सावली हवी त्यांनी होर्डिंगखाली उभे राहावे. ते जागोजागी आहेत आणि वडापेक्षा दाट आहेत.

आधुनिकीकरणाची खरी संधी २०२० साली आली होती. महासाथीमुळे पायी वारी रद्द झाली आणि पादुका आषाढ शुद्ध दशमीला, फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. आम्ही वर्षानुवर्षे सांगतो तेच झाले: जवळजवळ तीन आठवड्यांचे काम एका दिवसात. पुढच्या वर्षीही एसटीच. घाट नाही, पाय सुजणे नाही, पत्र्याच्या शौचालयापुढे पहाटे तीनची रांग नाही. खरे तर वारकऱ्यांनी या सुधारणेचे स्वागत करायला हवे होते. त्यांनी काय केले? घरात बसून रडले. २०२२ साली बंदी उठली तशी पुन्हा पिशवी उचलली आणि निघाले, जणू काही शिकलेच नाहीत. चाललेले अंतर परत एकदा चालण्यात कसला आलाय परतावा, असा प्रश्न गुंतवणूक सल्लागाराला पडेल, तो त्यांना पडत नाही. एकाला विचारले तर म्हणाला, ‘बापानं केली, म्हून मी करतो.’ त्याच्या बापाने कर्जही केले होते. तेही हा फेडतो आहे.

शेवटचा मुद्दा पंढरपूरचा. इतके चालून आल्यावर निदान देव तरी दिसावा ना? तर आषाढीला दर्शनाची रांग इतकी लांबते की असंख्य वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, कळसाला हात जोडतात, नामदेव पायरीपाशी वाकतात आणि गावाकडे वळतात. अडीचशे किलोमीटर चालून कळस बघायचा आणि परत जायचे! कुठल्याही प्रवासी कंपनीने असा कार्यक्रम आखला असता तर प्रकरण ग्राहक आयोगात गेले असते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे तसे नाही. त्यांनी पास मिळवला, मोटारीने गेले, आत पाच मिनिटे उभे राहिले, आणि बाहेर येऊन सांगत होते की गर्दी फारच असते बुवा, या लोकांनी जरा नियोजन करायला हवे.

रांगेतल्या एकाच जोडप्याचे नशीब उघडते. एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात, तेव्हा दर्शनरांगेतल्या एका दांपत्याला ‘मानाचे वारकरी’ म्हणून शेजारी बसवतात. कॅमेऱ्यांच्या झगमगाटात ते दोघे अवघडून बसलेले असतात. बाईंचा पदर पुन्हा पुन्हा सावरून झालेला असतो. मुख्यमंत्री पांडुरंगाकडे पाऊस आणि बळीराजाचे सुख मागतात, आणि ज्याच्यासाठी मागतात तो शेजारीच असतो, पण त्याला विचारायचे राहून जाते. मग सत्कार होतो. शाल येते, विठ्ठल-रखुमाईची मूर्ती येते, आणि या राज्यात चालण्याची एवढी मोठी परंपरा जपणाऱ्या माणसाला राज्य परिवहन महामंडळ वर्षभर बसने मोफत हिंडण्याचा पास देते.

त्याने तो पास जपून धोतराच्या घडीत ठेवला असेल. गावाकडची एसटी बंद झालेली आहे, हे त्या गर्दीत सांगायला त्याला सुचले नसेल.