फियाटचा खर्ज

नव्या गाडीत बसलेला माणूस गाणी ऐकतो, जुन्या गाडीतला माणूस गाडी ऐकतो. आमच्याकडे फियाट आहे. आरटीओच्या कागदावर ती 'प्रीमियर पद्मिनी', पण साताऱ्यात तिला पद्मिनी म्हणणारा मला अजून भेटायचाय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. मुंबईत हिच्या काळ्यापिवळ्या भावकीतली शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला, वीस वर्षांची मुदत संपल्यावर निवृत्त झाली, तेव्हा मुंबईकरांना गहिवर आवरेना. आमची मात्र अजून फिरते, आणि फिरताना बोलते.

या वयाच्या गाडीतून आवाज येतो याचं घरात कुणाला नवल नाही. वाद असतो तो कसला येतो आणि कुठून येतो याचा. "अहो, पुढून टकटक येतेय," असं सौभाग्यवती म्हणतात. मागच्या सीटवरून आई सांगते, "टकटक नव्हे गं, मागं काहीतरी सुटलंय. खुळखुळतंय." चिरंजीव कानातलं न काढता आवाज येत नसल्याचा निर्वाळा देतात. शेजारी एक निवृत्त तलाठी राहतात. आयुष्यभर एसटीखेरीज कशात बसले नाहीत. पण मी किल्ली फिरवली की ते गॅलरीतून ओरडतात, "रिंगा गेल्या! इंजिन खाली घ्यावं लागतंय!" इंजिन खाली घ्यायला सांगण्यासाठी आमच्याकडे गाडीजवळ यावं लागत नाही.

आमचे मिस्त्री यातलं काहीच ऐकून घेत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तोंडाने सगळे आवाज काढून दाखवले. शेजारच्या चहावाल्याने दाद दिली, मिस्त्रींनी नाही.

"सायेब, आवाज कसा येतोय ते ऱ्हाऊ द्या. कवा येतोय तेवढं सांगा."

जुन्या गाडीचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. 'कसा'चं उत्तर माणसागणिक बदलतं, 'कधी'चं बदलत नाही. सकाळी इंजिन थंड असताना धडधड आणि पोवई नाका येईतो गायब, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जरा सैल झालाय. तापला की फुगतो आणि गप्प होतो. क्लच दाबल्याबरोबर आवाज बदलला, तर संशय क्लचच्या बेअरिंगवर. सुरू करताच चिरकणारा बहुतेकदा फॅनबेल्ट. खात्री हवी असेल तर चालू इंजिनात लांबूनच त्यावर थोडं पाणी शिंपडायचं. घटकाभर सूर बदलला तर तोच.

पार्क केलेल्या गाडीचा आवाज ऐकण्यावर मिस्त्रींचा विश्वास नाही. ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात आणि मला यवतेश्वरच्या घाटात गाडी घालायला लावतात. बघणाऱ्याला वाटावं, कासला फुलं बघायला निघालेला पाहुणा वाटेतच झोपला. घाटात टॉपच्या गिअरवर ओढताना खडखड आली, की डोळे न उघडता हुकूम सुटतो, "गिअर उतरवा." गिअर उतरला की खडखड जाते. हे नॉकिंग. ठिणगी पडली की पेट्रोलने शिस्तीत जळत जायचं असतं. त्याऐवजी त्यातलं थोडं आपल्याच मर्जीने भडकतं. डिस्ट्रिब्युटर इवलासा फिरवून टायमिंग मागं घेतलं की पुष्कळदा भागतं.

टकटकीबद्दलचं त्यांचं मत तर मला आयुष्यभर पुरेल. व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटची टकटक इंजिनाच्या निम्म्या लयीत वाजते. ती घालवण्यासाठी टॅपेट घट्ट करा म्हणालो, तर मिस्त्री म्हणाले, "जरा वाजणारं टॅपेट बरं, सायेब. घट्ट टॅपेट वाजत न्हाई, पर व्हॉल्व्ह जाळतंय." खरंच आहे. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आतली आग कडेने निसटते आणि कड जळते. हे कळल्यापासून घरात कुणी फार गप्प असलं की मीच आधी चौकशी करतो.

त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हर. टोक वॉटरपंपावर, मूठ कानामागच्या हाडाला. बेअरिंग खराब असेल तर करकर थेट कवटीत उतरते. हा प्रकार आमच्या तलाठीसाहेबांनी लांबून पाहिला आणि मिस्त्रींना ऐकू कमी येतं अशी बातमी आळीभर केली.

सासुरवाडी सांगलीकडची, त्यामुळे गाडीला मोठा पल्लाही घडतो. सातारा-सांगली हा रस्ता जुन्या गाडीनेच करावा, कारण बॉनेट उघडलं की माणसं फुकट मिळतात. एकदा कराडच्या कोल्हापूर नाक्यावर थांबलो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने लांबूनच निदान केलं, "डिझेल पंपानं हवा धरलीया."

"दादा, पेट्रोलची गाडी आहे."

"मग पेट्रोल पंपानं धरली असंल."

दुसऱ्याने किंमत विचारली. तिसरा काही न बोलता वाकला, हललेली एक वायर दाबून बसवली आणि नाव न सांगता निघून गेला.

हा तिसरा माणूस या भागात भेटायचाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथं लोखंडी नांगर घडवले, पुढे पंप. तेव्हापासून या मुलखाला लोखंडाचा कान आहे. तिथून जवळच्याच देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी तर भंगारातल्या सामानातून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली, ती २०२२च्या जानेवारीत. आणि आमची फियाट ज्यांच्या कंपनीची, त्या वालचंद हिराचंदांचं नाव सांगलीच्या १९४७ सालच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. तेव्हा सांगली हे एका अर्थी तिचंही माहेर. माहेरच्या वाटेवर ती जास्त बोलते, याला माझा इलाज नाही.

त्यातून त्या वेळचा पेठनाका ते सांगली रस्ता! तिकडे वळलं की इंजिनाचा आवाज यायचा थांबे. इंजिन बरं झालं म्हणून नव्हे, रस्त्याने उरलेल्या गाडीचा प्रत्येक नटबोल्ट बोलता केलेला असे. डिकीतला जॅक, टॉमी, स्टेपनी आणि सासूबाईंसाठी नेलेला कंदी पेढ्यांचा डबा मिळून जे करत, त्यालाच आई 'मागं सुटलंय' म्हणत होती, हे तिथं सिद्ध झालं. इंजिनाच्या आवाजाची तक्रार करण्यापूर्वी डिकी रिकामी करून पाहावी.

मिरजेला सौभाग्यवतींचे मामा राहतात. त्यांनी जन्मात गाडी चालवलेली नाही. पण ते पडले मिरजेचे. फरीदसाहेबांपासून सतार-तंबोरे घडवणारं हे गाव. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्या दर्ग्यात. अशा गावात कान तयार नसणं हे व्यंग समजतात. आमची गाडी दारात उभी राहिली, मी इंजिन चालू ठेवून उतरलो, आणि मामांनी वर्तमानपत्र खाली ठेवून डोळे मिटले.

"जावईबापू, खर्ज लागत नाहीये."

"म्हणजे?"

"चार तारांचा तंबोरा आहे हा. पंचम आहे, जोड आहे. चौथ्या तारेशी पोकळी येते. ऐका."

मी ऐकलं. मला तंबोरा ऐकू आला नाही, पण पोकळी आली. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं, तिथले मिस्त्री आले. त्यांनी कोरडं फडकं हातात घेऊन चालू इंजिनात प्लगच्या वायरी एकेक करून उपसायला सुरुवात केली. (हे आपण करू नये, झटका चांगला बसतो.) पहिली काढली, इंजिन लटपटलं. दुसरी काढली, लटपटलं. तिसरी, तेच. चौथी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही. जो सिलिंडर कामच करत नव्हता, त्याच्या रजेने काय फरक पडणार? सरकारी कचेरीतही हीच परीक्षा चालते, पण तिथं वायर उपसायची सोय नाही.

"चौथा शिलिंडर मिशिंग हाय," मिस्त्री म्हणाले. प्लग काजळीने काळा पडला होता.

"मी काय म्हणालो?" मामा गरजले. "खर्ज!"

"तुमी खर्ज म्हना, मी मिशिंग म्हंतो. बिल येकच."

नवा प्लग बसला, इंजिन चार पायांवर उभं राहिलं. मामांचं मात्र समाधान होईना. "आता जरा जवारी खोला," असं त्यांनी मिस्त्रींना फर्मावलं. मिस्त्रींनी कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला. मामांनी मान डोलावली. या इंजिनाचे सिलिंडर १-३-४-२ अशा क्रमाने पेटतात, त्यामुळे मामांची चौथी तार आणि मिस्त्रींचा चौथा सिलिंडर जुळणं हा निव्वळ योगायोग. पण हे मामांना सांगण्याची छाती आमच्या घराण्यात कुणाची नाही.

आता जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मोठा आवाज म्हणजे मोठा बिघाड, असं नसतं. फाटका सायलेन्सर अख्खा चौक जागा करतो आणि थोड्याशा वेल्डिंगने गप्प होतो. भिण्याजोगा आवाज वेगळाच. इंजिनाच्या पोटातून येणारी जड ठोक, रेस केलं की वाढणारी, आणि सोबत ऑइलचा लाल दिवा. तिथं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. गाडी जागेवर बंद करा आणि टोचन करून न्या. 'घरापर्यंत जाईल' म्हणणाऱ्याची गाडी घरी जाते, पण इंजिनाचं काम घेऊन जाते. बाकी कुठलाही आवाज असो, तो कधी येतो एवढं कागदावर लिहून मिस्त्रींकडे न्या: थंड की गरम, चढ की उतार, क्लचवर की ब्रेकवर. आणि ते ऐकत असतील तेव्हा गाडीतल्या सगळ्यांनी, मालकासकट, तोंड बंद ठेवावं.