नव्या-जुन्याचा वाद मिटला

नवी गाडी घ्यावी की जुनी, या विवंचनेत पडलेल्या मध्यमवर्गाची राज्य सरकारने मोठीच सोय केली आहे. नवीच्या शोरूममधल्या किमतीवर रस्ता कर, विमा आणि 'अत्यावश्यक' फूटमॅट चढतात. जुनी दाखवणारा एजंट 'डॉक्टरांची गाडी, फक्त रविवारी चालवलेली' म्हणत घासलेल्या टायरना काळं पॉलिश मारतो. माणसाने करावं तरी काय?

उत्तर परिवहन खात्याकडे आहे. २०२४ मध्ये मुंबई-पुण्यात चारचाकीच्या ०००१ या नंबराचं शुल्क चारवरून सहा लाखांवर गेलं. इतक्यात एखादी नवी छोटी गाडी आरामात येते. पण गाडी जुनी होते, नंबर होत नाही.

तेव्हा सुज्ञांनी फक्त नंबर घ्यावा. पेट्रोल नाही, पीयूसी नाही, सोसायटीत पार्किंगवरून भांडण नाही. खात्याने एवढीच एक दुरुस्ती करावी, की नंबरासोबत गाडी घेण्याची सक्ती नसावी.

ऑफिसला जाताना पाटी छातीशी धरून थेट बसथांब्यावर जावं. रांग कितीही लांब असो, पहिला नंबर सरकारी पावतीनिशी आपलाच.